60 रुपयांचं पुस्तक आणि पान 14 वरचं भिंग

अमळनेरला माझं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान आहे, 36 वर्षं झाली. मे महिन्यात नात सुरतहून आली की अर्धं काउंटर तिचं. मी डोळ्याला आयग्लास लावून घड्याळाचं बॅलन्स, म्हणजे आतलं डोलणारं चाक, बघत असतो आणि ही शेजारी स्टुलावर बसून, "आबा, मला भिंग काढून द्या ना." म्हणजे चित्र. घड्याळाची डायल मी झोपेतही काढीन, पण कार्टून? जळगावला सामान आणायला गेलो तेव्हा एका स्टॉलवर लहान मुलांसाठी कार्टून शिकवणारं पुस्तक दिसलं, ते घेतलं. 32 पानं, 60 रुपये. वीसेक दिवस वापरलंय, म्हणून लिहितो.

आधी चांगलं सांगतो. सूचना एकेका ओळीच्या आहेत. ‘आता दांडा काढा’, ‘आता रंग भरा’. सुरतेच्या शाळेत जाणारी पोरगी अडखळत का होईना, स्वतः वाचते. छत्री, मासा, फुगेवाला ही पानं झकास. घोड्याच्या नादी लागू नका.

आमचा सगळा वेळ गेला पान 14 वर. भिंग, सहा चित्रांत. पहिल्यात म्हणे हाताने गोल काढा. आठ वर्षांच्या पोरीचा गोल भरिताच्या वांग्यासारखा आला, तीनदा खोडला, चौथ्यांदा कागद फाटला. कागद पातळ आहे, रबर सोसत नाही. शेवटी मी तिच्या आजीचं जाड कडं आणलं. बाहेरून पेन्सिल फिरवली, मग तसंच दाबून धरून आतून फिरवली. दोन गोल, मध्ये सगळीकडे सारखी जागा, भिंगाची फ्रेम तयार! पुस्तकात आतला गोल वेगळा काढायला सांगितलाय, तो नवशिक्याचा नेहमी एका बाजूला सरकतो.

पुढे दांडा. इथे चित्रकाराने घोळच घातलाय. दांडा गोलाच्या मध्याकडे बघतच नाही, त्यामुळे भिंगाची मान लचकल्यासारखी दिसते. मी नातीला घड्याळ दाखवलं. गोल म्हणजे डायल. मधल्या खिळ्यापासून चार आणि पाचच्या बरोबर मधून बाहेर एक फिकट रेघ ओढ. तिच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर सोडून दांडा काढ, टोक गोलसर कर, मग मधली रेघ खोड. साडेचारच्या जागी दांडा. जमलं लगेच.

तिसऱ्या चित्रात नसलेली कडी चौथ्यात आपोआप उगवते, ती कधी काढायची याबद्दल अक्षर नाही. फ्रेम आणि दांडा यांच्यामध्ये ही बारकी पट्टी हवीच. नातीने ती सोडली तेव्हा आजी डोकावून म्हणाली, "हाऊ ते झारा शे!" पोरगी रुसली, पण आजीचं खरं होतं. कडी काढल्यावर झाऱ्याचं भिंग झालं.

रंगाच्या बाबतीत पुस्तक म्हणतं, काच निळी करा. पूर्ण निळी केली तर ती काच वाटत नाही, विहिरीचं पाणी वाटतं. दांड्याच्या बरोबर समोर, साडेदहाच्या जागी, फ्रेमला समांतर दोन आखूड वाकड्या रेघा काढा आणि त्यांच्या मधला कागद कोराच ठेवा. बाकी निळा अगदी हलका. एवढ्याने काच चमकते. आणि तेलखडू काउंटरवर उन्हात सोडू नका, आमचे दोन पान 15 ला चिकटून बसलेत.

पण माझी खरी तक्रार सहाव्या चित्राबद्दल आहे. भिंगाखाली मुंगी दाखवलीय, आणि ती भिंगात जेवढी, बाहेर तेवढीच! वर पाय चार. मुंगीला सहा पाय असतात हो, हातात भिंग असून मोजता येऊ नयेत? हे काढणाऱ्याने भिंगातून कधी पाहिलेलं दिसत नाही. मी नातीला वर्तमानपत्रावर भिंग धरायला दिलं. अक्षरं मोठी झाली. मग हात लांब करून त्यातून रस्त्याकडे बघायला सांगितलं, तर समोरची रिक्षा उलटी! अर्धा तास ती दारातच उभी होती.

किती मोठं काढायचं, हा तिचा प्रश्न. सूर्याचा ठिपका कागदावर भिंगापासून जेवढ्या अंतरावर बारीक पडतो, ते त्याचं नाभीय अंतर. 25 सेंटिमीटरला (डोळ्याला नीट दिसतं ते साधारण सगळ्यांत जवळचं अंतर) त्याने भागायचं, की भिंग किती पट मोठं दाखवतं ते निघतं. माझ्या हातातल्या भिंगाचं 10 भरलं, म्हणजे साधारण अडीचपट. म्हणून बाहेरची मुंगी एक सेंटिमीटर, काचेतली अडीच. मुंगी निम्मी आत, निम्मी बाहेर ठेवली तर फ्रेमपाशी शरीर तुटल्यासारखं दिसतं, आणि तिथेच चित्राला मजा येते. (ठिपका मोठ्या माणसानेच पाडावा, त्या भिंगातून सूर्याकडे कोणीही बघू नये, आणि कागद लगेच उचलावा. आमच्याकडच्या मे महिन्यात धूर निघायला वेळ लागत नाही.)

एक राहिलं, आमच्या प्रतीत पान 9 ते 12 दोनदा बांधलेत. स्टॉलवाल्याला सांगितलं तर म्हणतो, "काका, चार पानं फुकट मिळाली समजा."

40 रुपयांना मिळालं तर अजून एक घेईन, पुतण्याच्या पोरासाठी. परवा नात सुरतला गेली. पुस्तक इथेच टाकून गेली आणि कडं घेऊन गेली. आजीने कपाट दोनदा उपसलं, मग संध्याकाळी सुनेचा फोन आला, ते कंपासपेटीत सापडलं म्हणून.