लिबरऑफिस रायटर, काही महिने वापरून : सगळं भांडण आडव्या पानावरून

घरी बसून टायपिंगची आणि प्रबंध लावून द्यायची कामं करते. वर्डचे वर्षाचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा हात आखडला आणि फुकट मिळणारं लिबरऑफिस टाकलं; रायटर हा त्यातला वर्डसारखा भाग. टायपिंग, पीडीएफ, तक्ते वगैरे ठीक चालतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. लिहायला बसले ते आडव्या पानांच्या हेडर-फूटरसाठी, म्हणजे पानाच्या वरच्या-खालच्या पट्टीत येणारं नाव नि क्रमांक. गेल्या आठवड्यात एका ताईंचा प्रबंध आला, दुसरीकडे लावलेला, छापून, काळं रेक्झिन चढवून तयार. मोठ्या तक्त्यांची पानं आडवी, त्यांवरचं प्रकरणाचं नाव थेट बाइंडिंगच्या पोटात आणि पान क्रमांक पुस्तकाच्या बाहेरच्या कडेला झोपलेला. मार्गदर्शकांनी प्रत उघडली आणि तशीच परत दिली.

वर्डमध्ये हे काम कसं चालतं ते करणाऱ्यांना माहीत आहे. पान उभं की आडवं हे सेक्शनवर, म्हणजे फाइलच्या वेगळ्या पाडलेल्या भागावर ठरतं, म्हणून तक्त्याच्या आधी एक सेक्शन ब्रेक, नंतर एक. नवा सेक्शन ‘लिंक टू प्रीव्हियस’, म्हणजे मागचाच हेडर-फूटर, चालू ठेवूनच जन्माला येतो. ते हेडरमध्ये बंद करा, मग फूटरमध्ये वेगळं बंद करा, पहिलं पान निराळं ठेवलं असेल तर तिथे पुन्हा. त्यात कुणी ‘ही रेघ कसली’ म्हणून ब्रेक खोडला, की वरचा मजकूर खालच्या सेक्शनचं रूप घेतो आणि अख्खं प्रकरण आडवं होऊन बसतं.

रायटरमध्ये पेज स्टाइल, म्हणजे पानाचा नाव दिलेला साचा. ‘लँडस्केप’ नावाची स्टाइल तयारच असते, तिचा हेडर तिचा, उभ्या पानांचा त्यांचा. मॅन्युअल ब्रेक टाकताना स्टाइल निवडायची, पान क्रमांक बदलायच्या चौकटीला हात लावायचा नाही, आकडे आपोआप पुढे चालतात. परत उभ्या पानावर यायला पुन्हा एक ब्रेक. सुरुवातीला मी भेटेल त्याला हे सांगत सुटले होते.

मग चारी बाजूंनी २ सेंमी समास असलेला एक साधा अहवाल आला. हेडरमध्ये डावीकडे संस्थेचं नाव, दोन टॅब (ओळीतल्या ठरल्या जागी उडी), उजवीकडे पान क्रमांक. उभ्या ए-४ वर ओळीची रुंदी १७ सेंमी, हेडरचा उजवा टॅबही १७ वर, सगळं चोख. आडव्या पानावर ओळीची रुंदी २५.७, टॅब मात्र १७ वरच! आकडा उजव्या समासापासून ८.७ सेंमी अलीकडे लटकलेला. एवढ्यासाठी आडव्या हेडरची वेगळी पॅराग्राफ स्टाइल करून टॅब १२.८५ आणि २५.७ वर नेऊन बसवावे लागले. वर्डमध्ये २००७ पासून ‘अलाइनमेंट टॅब’ आहे, तो समास बघून स्वतः सरकतो. वर्डला शिव्या देताना ही गोष्ट कबूल केली पाहिजे.

आता ताईंचा प्रबंध. डावीकडे बांधायच्या प्रतीत आडव्या पानाची वरची कड बाइंडिंगमध्ये जाते. म्हणजे वरचा समास दीड इंच हवा. पुस्तक उभं धरलं की पानाची डावी कड खाली येते, म्हणून क्रमांक डाव्या कडेच्या मध्यावर, आणि प्रकरणाचं नाव उजव्या कडेला. मी हेडरमध्ये फ्रेम (हलवता येणारी चौकट) टाकली, आत पान क्रमांकाचं आपोआप बदलणारं फील्ड, आणि अक्षरं फिरवायला कॅरेक्टरच्या पोझिशनमध्ये २७० डिग्री. फ्रेम हेडरच्या पट्टीबाहेर पाऊल टाकेना! शेवटी सापडलं : ‘कीप इनसाइड टेक्स्ट बाउंडरीज’ची खूण काढायची आणि जागा ‘एंटायर पेज’वरून मोजायची. मग आकडा मुकाट कडेला गेला. एकदा स्टाइलमध्ये बसवला, की परिशिष्टापर्यंतच्या सगळ्या आडव्या पानांवर तोच, पुन्हा हात लावावा लागला नाही. इथे माझं मत परत रायटरच्या बाजूला झुकलं.

पीडीएफ पाठवल्यावर ताईंचा फोन, ‘अहो, नंबर उलटा पडलाय.’ स्क्रीनवर तसा दिसणारच. छापून, पान वहीसारखं उभं धरून दाखवल्यावर पटलं. नुसती सॉफ्ट कॉपी द्यायची असेल तर हा उपद्व्याप अजिबात करू नका, साधा हेडर ठेवा.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यात जाते. फाइल डॉक्समध्ये, म्हणजे वर्डच्या प्रकारात सेव्ह केली, की पेज स्टाइलचे सेक्शन होतात. तीच फाइल परत उघडल्यावर माझ्या नीट नाव दिलेल्या स्टाइलच्या जागी ‘कन्व्हर्टेड१’, ‘कन्व्हर्टेड२’ अशी रांग. कुठली उभी, कुठली आडवी, उघडून बघत बसा. म्हणून मूळ फाइल रायटरच्या स्वतःच्या ओडीटी प्रकारातच ठेवते, छपाईला पीडीएफ देते आणि डॉक्सच हवी म्हणणाऱ्यांना आडव्या पानांचा दर वेगळा लावते.