गेमिंग लॅपटॉपला डॉक: कॅलडिजिट टीएस4 आणि उरलेल्या दोन वायरी

डॉक म्हणजे एका केबलने लॅपटॉपला जोडून बरीच पोर्टं देणारा डबा. त्याच्या जाहिरातीतलं टेबल नेहमी मोकळं असतं. त्यावर एक पातळसा लॅपटॉप, एक मॉनिटर आणि मधे एकच केबल. तो लॅपटॉप गेमिंगचा कधीच नसतो. माझा आहे. दिवसा त्यावर इमारतींची थ्रीडी मॉडेलं रेंडर करते, रात्री गेम खेळते. त्याचा अडॅप्टर 240 वॅटचा, वजनाला आणि आकाराला विटेसारखा. मॉनिटर 1440पी, 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा. शिवाय ड्रॉइंग टॅबलेट, कीबोर्ड, माऊस, हेडफोन, बाहेरच्या एसएसडी आणि इंटरनेटची केबल. एवढ्या संसारासाठी कॅलडिजिट कंपनीचा टीएस4 हा डॉक घेतला आणि मी त्यावर खूश आहे. मात्र मॉनिटर त्याला जोडलेला नाही, आणि लॅपटॉपचं चार्जिंगही त्यावरून होत नाही. मग घेतला कशाला, असं वाटेल. तेच सांगते.

आधी वीज. टीएस4 सोबत येणारा वीजपुरवठा 230 वॅटचा आहे. हा आकडा वाचून पुष्कळांना वाटतं की आता लॅपटॉपची वीट कपाटात ठेवायची. तसं होत नाही. त्यातले लॅपटॉपच्या वाट्याला जास्तीत जास्त 98 वॅट येतात. बाकीची वीज डॉक स्वतःसाठी आणि त्याला लटकलेल्या सगळ्या उपकरणांसाठी राखून ठेवतो. यात कंपनीची लबाडी नाही. यूएसबी-सीवरून वीज देण्याची जुनी कमाल मर्यादाच 100 वॅट होती; 2021 मध्ये नियमावली बदलून ती 240 पर्यंत नेली, पण त्यासाठी डॉक, केबल आणि लॅपटॉप तिघांनीही ती मानायला हवी. आजचे बहुतेक डॉक अजून 100च्या अलीकडेच थांबतात. मेल लिहायला, प्लॅन तपासायला 98 वॅट भरपूर झाले. गेम सुरू केला की लॅपटॉप स्वतःच ग्राफिक्स चिपची वीज छाटतो, सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) कोसळतात, आणि प्लग लावलेला असूनही बॅटरी खाली सरकत राहते. म्हणून अडॅप्टर आपल्या जागी कायम. दोन्ही जोडलेले असले तर माझा लॅपटॉप मुकाट्याने अडॅप्टरवरूनच वीज घेतो, भांडण नाही.

आता मॉनिटर. खरी मेख इथे आहे, आणि ती डॉकमध्ये नसून लॅपटॉपच्या पोटात आहे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिपा दोन असतात: एक प्रोसेसरमधलीच साधी, दुसरी एनव्हिडिया किंवा एएमडीची दणकट. कोणतं पोर्ट कोणत्या चिपला जोडायचं हे बनवणारा ठरवतो, आणि बाहेरून दोन सी-पोर्टं हुबेहूब सारखी दिसतात. माझ्या लॅपटॉपचं थंडरबोल्ट पोर्ट (सी-पोर्टाचाच जास्त वेगवान प्रकार, डॉक यालाच लागतो) साध्या चिपवर आहे, एचडीएमआय दणकट चिपवर. त्यामुळे डॉकमधून मॉनिटर लावला की प्रत्येक फ्रेम मोठ्या चिपवर तयार होऊन आधी छोट्या चिपकडे जाते आणि मग बाहेर पडते. हा वळसा थोडे फ्रेम खातो. मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारं एनव्हिडियाचं जी-सिंक तर पर्यायांतूनच नाहीसं होतं, कारण त्याला मॉनिटर थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला लागतो. बरं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन फक्त मोठी चिप चालू ठेवावी, तर माझ्या लॅपटॉपात थंडरबोल्टवरचं चित्रच बंद पडतं. सगळ्यांत असं होत नाही. काहींमध्ये तेव्हा ते पोर्ट मोठ्या चिपकडे वळवलं जातं.

तुमच्या लॅपटॉपचं काय आहे हे डॉक घ्यायच्या आधी पाहता येतं. चिप एनव्हिडियाची असेल तर तिच्या कंट्रोल पॅनलमध्ये सराउंड आणि फिजएक्सचं एक पान असतं. तिथे कोणता मॉनिटर कोणत्या चिपला लागलाय ते चक्क चित्र काढून दाखवलेलं असतं. सी-पोर्टातून एचडीएमआय काढणारा एखादा छोटा अडॅप्टर कुणाकडून मागून आणा, एकेका पोर्टात घालून ते पान बघा. डॉकचे शंभर रिव्ह्यू वाचून जे कळत नाही ते तेवढ्यात कळतं.

मी मॉनिटर थेट लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावला. एचडीएमआय 2.1 असल्यामुळे 144 हर्ट्झ आरामात मिळतात. आणि खरं सांगायचं तर टीएस4 वर एचडीएमआयचं पोर्ट मुळात नाहीच. एक डिस्प्लेपोर्ट आहे आणि पुढे जोडायला दोन थंडरबोल्ट पोर्टं. कुणाला हे खटकेल. मला फरक पडला नाही.

थंडरबोल्ट नसलेल्या स्वस्त सी-डॉककडे जायचं तर वेगळं गणित करावं लागतं, आणि ते खोक्यावर कुणी छापत नाही. सी-केबलमधून वेगवान डेटाच्या चार वाटा जातात. डॉकने त्यातल्या दोन यूएसबीला दिल्या तर चित्रासाठी दोनच उरतात, आणि डिस्प्लेपोर्ट 1.4च्या दोन वाटांवर मावतात सेकंदाला साधारण 13 गिगाबिट. 1440पीला 144 हर्ट्झवर लागतात सुमारे 14. म्हणजे एवढ्याशा फरकाने गाडी 120 वर अडते. लॅपटॉपची चिप, डॉक आणि मॉनिटर तिघांनाही चित्र दाबून पाठवण्याची डीएससी पद्धत येत असेल तर सुटका होते. थंडरबोल्ट 4 ची वाट 40 गिगाबिटची असल्याने तिथे ही ओढाताण होत नाही.

ज्या डॉकवर 'कुठल्याही यूएसबी पोर्टावर चालतो' असं अभिमानाने लिहिलेलं असतं आणि चित्र दिसायच्या आधी ड्रायव्हर टाकायला सांगतात, तो डिस्प्लेलिंक नावाच्या तंत्राचा असण्याची दाट शक्यता. त्यात चित्र प्रोसेसरकडून दाबून साध्या डेटासारखं पाठवतात आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. हिशेबाच्या तक्त्यांसाठी उत्तम सोय. एका सहकाऱ्याकडचा असा डॉक मी लावून पाहिला: माऊस हलवला की नजर आधी फिरायची आणि बंदूक मागाहून. गेमसाठी याच्या वाटेला जाऊ नका.

मग टीएस4 करतो काय? बाकी सगळं, आणि फार छान करतो. एकूण 18 पोर्टं आहेत. त्यात 10 गिगाबिटची यूएसबी-ए पाच, तशीच सी तीन. रेंडरच्या फायली एका एसएसडीवरून दुसरीवर टाकताना गेमच्या आवाजात खरखर येत नाही. इंटरनेटचं पोर्ट 2.5 गिगाबिटचं, पातळ लॅपटॉपवाल्यांसारखा वायफायवर भरवसा ठेवून ऑनलाइन मॅच खेळावी लागत नाही. पुढच्या बाजूला एसडी कार्डाची खाच आणि हेडफोनचं भोक आहे, हात मागे घालून चाचपडायला नको. धातूचं अंग उभंही ठेवता येतं, आडवंही. चांगलं कोमट होतं, पण आत पंखा नाही, त्यामुळे आवाज शून्य. शेजारी लॅपटॉपचे पंखे हेलिकॉप्टर उडवत असताना या शांततेला किती अर्थ, तो भाग निराळा.

वायरलेस माऊसचा छोटा रिसीव्हर मात्र डॉकच्या मागच्या गर्दीत खोचू नका. यूएसबी 3 च्या वेगवान पोर्टांतून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट निघतो, यावर इंटेलने 2012 मध्येच एक टिपण काढलं होतं. वायरलेस माऊस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. शेजारच्या पोर्टात एसएसडी चालू असली की कर्सर अडखळतो, आणि माणूस उगाच माऊसला शिव्या घालतो. वीतभर लांबीची यूएसबीची एक्स्टेंशन लावून रिसीव्हर माऊसपॅडजवळ आणला की झालं.

केबल बदलायची वेळ आली तर लांबी बघून घ्या. साधी, आत चिप नसलेली थंडरबोल्ट केबल 40 गिगाबिटचा पूर्ण वेग साधारण 0.8 मीटरपर्यंतच देते. त्याहून लांब हवी तर आत चिपा असलेली, आणि ती महाग. फोनची चार्जिंगची सी-केबल लावली तर डॉक चालला तरी त्याची ताकद कुठल्या कुठे जाईल.

सकाळी लॅपटॉप उचलताना तीन वायरी काढते: वीज, एचडीएमआय, डॉक. पूर्वी यापेक्षा पुष्कळ होत्या. डॉक महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे नुसता कीबोर्ड, माऊस आणि एखादी पेनड्राइव्ह असेल तर बाहेरून वीज घेणारा साधा यूएसबी हब आणून मॉनिटर थेट लावा, काही अडणार नाही. डेलचा लॅपटॉप असेल तर दोन सी-प्लगांचा त्यांचा डब्ल्यूडी19डीसी डॉक आधी बघा. तो त्यांच्या ठरावीक मॉडेलांना 210 वॅटपर्यंत वीज देतो. आणि पोर्टाशेजारी थंडरबोल्टचं विजेच्या बाणाचं चिन्ह नसेल तर टीएस4 साध्या यूएसबी-सीवरही चालतो, फक्त त्या पोर्टाला जेवढं झेपतं तेवढ्याच वेगाने.