अनबाउन्स : सोय उत्तम, पण हंगामी धंद्याला महाग

दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या घरगुती व्यावसायिकांच्या जाहिराती गूगलवर आता सर्रास दिसतात. मात्र त्यांवर क्लिक केले, की बहुतेकदा संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडते आणि त्यावर लोणची, मसाले, प्रदर्शनातली छायाचित्रे असे सारेच मांडलेले असते. मेलबर्नच्या लेकीला चकल्या पाठवू पाहणाऱ्या आईला हवा असतो तो कुरिअर धरून किलोमागचा दर आणि नोंदणीची शेवटची तारीख. एवढेच सांगून थेट मागणीच्या बटणाकडे नेणारे स्वतंत्र पान म्हणजे लँडिंग पेज. २००९ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे स्थापन झालेल्या अनबाउन्स कंपनीची सेवा अशी पाने कोड न लिहिता तयार करू देते.

या पानाचा संबंध थेट खर्चाशी आहे. गूगल अ‍ॅड्समध्ये प्रत्येक कीवर्डला, म्हणजे ज्या शोधशब्दावर जाहिरात दाखवायची त्याला, १ ते १० असा गुणवत्तेचा अंक मिळतो आणि पानाचा अनुभव हा त्याच्या तीन घटकांपैकी एक असतो; दर्जा घसरला, की क्लिक सहसा महाग पडते. जाहिरातीत फराळ आणि पानावर लोणची, असा प्रकार म्हणूनच खिशाला चाट लावतो.

अनबाउन्समध्ये मजकूर, चित्र, फॉर्म हे घटक उचलून हवे तिथे ठेवता येतात. मोबाइलची मांडणी वेगळी तपासून घ्यावी लागते, आणि आपल्याकडचा बहुतेक ग्राहक मोबाइलवरच असल्याने तिथे कंटाळा करून चालत नाही. गूगलचे देवनागरी फाँटही वापरता येतात. शोधलेल्या शब्दानुसार शीर्षक बदलण्याची सोय आकर्षक आहे खरी, पण ती मराठीच्या विभक्तीपुढे अडखळते : ‘दुबई’ला ‘ला’ जोडला तर निभावते, ‘अमेरिका’ आली की ‘अमेरिकाला फराळ’ असे ओंगळ शीर्षक तयार होते. ‘दिवाळी फराळ घरपोच : अमेरिका’ अशी रचना केल्यास नाव मूळ रूपातच राहते आणि अडचण टळते.

एकाच पानाच्या दोन आवृत्त्या ताडून पाहण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, मात्र थोड्या भेटींवर काढलेला निष्कर्ष फसवा असतो. ‘स्मार्ट ट्रॅफिक’ ही स्वयंचलित सुविधा साधारण ५० भेटींनंतर प्रत्येकाला त्याच्याजोगत्या आवृत्तीकडे वळवू लागते, असे कंपनी सांगते. ती वरच्या दराच्या योजनेत मिळते.

दर डॉलरमध्ये आहेत, आणि भेटींच्या संख्येवर योजनेनुसार मर्यादा आहे. वर्षभर जाहिराती चालवणाऱ्या शिकवणी वर्गांना किंवा गृहप्रकल्पांना हा खर्च परवडेल, आणि अनेक ग्राहकांची कामे सांभाळणाऱ्या एजन्सीने तर तो करावाच. गणपती ते दिवाळी एवढाच ज्यांचा हंगाम आहे, त्यांनी मात्र आपल्याच संकेतस्थळावर दर, तारीख आणि व्हॉट्सअ‍ॅपचे बटण असलेले एक साधे पान करून घ्यावे आणि जाहिरातीचा दुवा मुखपृष्ठाऐवजी त्या पानाला जोडावा.