समुद्रकाठच्या प्लॉटचे पैसे कुणी इथेच रुपयांत मागत असेल तर

निवृत्तीनंतर मॉरिशसला समुद्रकाठी राहा, रोज मासेमारी करा, प्लॉट आणि राहण्याचा परवाना आम्ही मिळवून देतो, असं सांगून आमच्याकडून पैसे घेतले गेले. माझे 14 लाख गेले, माझ्या साडूंचे 22 लाख. आता नांदेडच्या माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना अगदी तशाच कार्यक्रमाचं निमंत्रण आलंय. पत्रिका तीच, जेवण तेच, फक्त बेटाचं नाव बदललंय. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

बाहेरच्या माणसाला वाटेल, परभणीच्या माणसाला समुद्राचं काय वेड? मी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर नोकरी केली. आवर्तन कधी सुटणार, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोहोचणार की नाही, यावरून भांडणं सोडवण्यात माझी उमर गेली. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा मी नोकरीतच होतो. अशा माणसाला न आटणारं पाणी म्हणजे काय वाटतं, हे ज्याने चारीवर रात्री काढल्यात त्यालाच कळेल. त्यात आम्हा दोघा साडूंना गळाचा नाद. गंगाखेडला गोदावरीच्या काठी सुट्टीचा दिवस घालवायचा, गांडूळ लावून बसायचं, मरळ लागली तर घरी आनंद. उन्हाळ्यात नदीचे डोह उरायचे आणि मग तेही आटायचे. साडू जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. ते नेहमी म्हणायचे, "पाव्हणं, एकदा तरी असं पाणी बघायचं, जिथं जून महिन्याची वाट बघावी लागत नाही."

छत्रपती संभाजीनगरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये 2024 च्या ऑगस्टमध्ये कार्यक्रम झाला. बोलणारा माणूस चाळिशीचा, मराठी स्वच्छ, बोलण्यात कुठे घाई नाही. त्याने जे सांगितलं त्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं, आणि मला या लेखात हेच सगळ्यात ठळकपणे सांगायचंय.

त्याने सांगितलं की मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत. खरं आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून लोक गेले, त्यांचे वंशज तिथे आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. "आता सांगा काका, हा परदेश वाटतो का?" असं त्याने विचारलं, तेव्हा हॉलमधल्या बायकासुद्धा हसल्या. पर्यटक म्हणून जायला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, मुंबईहून थेट विमान आहे, चलनाचं नावही रुपयाच. सगळं खरं.

मासेमारीचंही तसंच. बेटाच्या नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर म्हणून भाग आहे. तिथे प्रवाळाची भिंत ओलांडली की समुद्र एकदम खोल होतो, म्हणून मोठा मासा किनाऱ्याच्या जवळ येतो. ब्लू मार्लिनसाठी ती जागा जगभरात प्रसिद्ध आहे, साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्याचा हंगाम. टूना, वाहू, डोराडो मिळतात. पडद्यावर एका म्हाताऱ्या गोऱ्याने मार्लिन बोटीजवळ आणून पुन्हा पाण्यात सोडलेला दाखवला, तेव्हा साडूंनी माझा हात दाबला. बोटीचं एका दिवसाचं भाडं शेकडो युरोंत जातं, हे मात्र तिथे कुणी बोललं नाही. त्याने सांगितलं, "तुम्ही बोटीत भागीदार असाल."

घरी येऊन साडूंच्या सुनेने मोबाइलवर एकेक गोष्ट तपासली. गणपतीची सुट्टी बरोबर, मार्लिन बरोबर, 50 वर्षांच्या पुढच्या परदेशी निवृत्तांना राहण्याचा परवाना मिळतो तेही बरोबर. साडू म्हणाले, "हे तर सगळं खरं निघालं की ओ." जितकं तपासलं तितका विश्वास वाढला. अशी माणसं देशाबद्दल खोटं बोलतच नाहीत. देश कुणालाही तपासता येतो. खोटं फक्त दोन ठिकाणी होतं, जमिनीचा मालक कोण आणि पैसे कुणाच्या खात्यावर जाणार. त्या दोन गोष्टींकडे आमचं लक्ष जाऊ नये म्हणून बाकीचं खरं सांगितलं होतं.

प्लॉट दाखवला ल मॉर्नजवळचा, 500 चौरस मीटर, समुद्रापासून 40 मीटर अंतरावर, किंमत 35 लाख. रंगीत नकाशा, प्लॉटला नंबर, शेजारी नारळाची झाडं काढलेली. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे. मी म्हणालो, बँकेतून परदेशी पाठवतो. तेव्हा तो म्हणाला, "काका, बँकेतून पाठवलं तर सात लाखांच्या वर वीस टक्के कापतेत. तुमच्या कष्टाचा पैसा कशाला घालवता? आमच्या इथल्या खात्यावर रुपयांत भरा, तिकडं डॉलर आम्ही देतो."

हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल, त्याच्यासमोरून उठून निघून या. वीस टक्क्यांची गोष्टही खरी होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून परदेशी पाठवलेल्या 7 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, गोळा करत होती (एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 10 लाख झाली). पण तो बुडणारा पैसा नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरताना करात वळता होतो, कर कमी बसत असेल तर परत मिळतो. माझ्या 14 लाखांवर ते 1 लाख 40 हजार झाले असते आणि पुढे परत आले असते. एवढ्याची भीती घालून त्याने सगळी रक्कम बँकेच्या वाटेवरून बाजूला काढली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपल्याला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यातून परदेशात घरही घेता येतं. त्यासाठी ए-2 अर्ज भरावा लागतो, पैसे कशासाठी आणि कुणाला ते लिहून द्यावं लागतं. मॉरिशसमधल्या कोणत्या माणसाच्या, कोणत्या खात्यावर? हा प्रश्न बँकेने विचारलाच असता, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

कागदपत्रं विचारली तर 500 रुपयांच्या बॉण्डवर करारनामा आला, कोर्टाजवळच्या वकिलाचा नोटरीचा शिक्का मारलेला. "तिकडं सातबारा नसतो, हाच कागद चालतो," म्हणाला. काही आठवड्यांनी राहण्याचा परवाना मंजूर झाल्याचं पत्र आलं, बोधचिन्ह, शिक्का, सही सगळं. त्याची 'फाइल फी' वेगळी घेतली. साडूंनी बोटीतल्या हिश्श्याचेही पैसे भरले. जागा दाखवायला नेण्याची तारीख मात्र दर वेळी पुढे जायची. आधी तिकिटं महाग, मग चक्रीवादळाचा हंगाम, मग अधिकारी रजेवर.

शेवटी माझी बायको म्हणाली, "त्याच्या मागे कशाला फिरायचं? आपण आपलं जाऊन बघू." आम्ही दोघं साध्या टूरने गेलो.

टॅक्सी चालवणारे गृहस्थ मराठी घराण्यातले निघाले. मराठी मोडकी, पण घरात आजीकडून आलेली. नकाशा त्यांना दाखवला तर त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि आम्हाला थेट त्या जागी नेलं. तिथे सुरूची झाडं, त्यांच्या सावलीत चटया टाकून कुटुंबं जेवत होती, पोरं पाण्यात. किनारा सार्वजनिक असल्याची सरकारी पाटी. ते म्हणाले, "इथे प्लॉट नाही. रविवारी आम्ही सगळे येतो इथे."

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईला एका नोटरीच्या कार्यालयात गेलो. तिथला नोटरी म्हणजे आपल्या तहसीलबाहेर शिक्का मारून देणारा नव्हे. जमिनीची खरेदी त्याच्यासमोर, त्याच्या जबाबदारीवर होते, आणि मग रजिस्ट्रार जनरलच्या खात्यात तिची नोंद होते. त्या बाईंनी आमचा नकाशा मिनिटभर पाहिला आणि 40 मीटरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपासून आत 81.21 मीटरचा पट्टा सरकारचा आहे. फ्रेंच काळापासून त्याला 'पा जेओमेत्रिक' म्हणतात. त्यातली काही जागा सरकार भाडेपट्ट्याने देतं, विकत नाही. म्हणजे आमचा प्लॉट जिथे काढला होता तिथे कुणाचाही खासगी प्लॉट असूच शकत नव्हता. मी आयुष्यभर मोजणीचे नकाशे वाचले. तिथे उभं राहून तो एक आकडा ऐकला तेव्हा अंगातलं बळ गेलं. बायको माझ्या शेजारी बसली होती, तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि बाईंना पुढचे प्रश्न तिनेच विचारले.

तिच्या प्रश्नांमुळे बाकीचं कळलं. परदेशी माणसाला तिथे मोकळी जमीन हवी तशी घेता येत नाही. 1975 च्या कायद्याने परवानगी लागते, आणि सरकारने मान्य केलेल्या ठरावीक प्रकल्पांतच घर मिळतं. त्यातलं किमान पावणेचार लाख डॉलरचं, म्हणजे आपल्या तीन कोटींच्या पुढचं घर घेतलं तर त्यासोबत राहण्याचा परवाना येतो. तळमजल्याच्या वर निदान दोन मजले असलेल्या इमारतीत फ्लॅट घेता येतो, पण किमान 60 लाख मॉरिशियन रुपयांचा, म्हणजे आपले एक कोटीच्या पुढे. 35 लाखांत समुद्रकाठचा प्लॉट ही गोष्ट कोणत्याही नियमात बसत नाही.

निवृत्तांच्या परवान्याचं तर आणखी वेगळं. त्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही, भाड्याने राहिलं तरी चालतं. अट अशी की दर महिन्याला ठरलेली रक्कम बाहेरून तिथल्या बँकेत आली पाहिजे. आम्ही चौकशी केली तेव्हा ती 1,500 डॉलर होती, म्हणजे सव्वा लाख रुपये. माझी पेन्शन त्याच्या निम्मीही नाही. 'प्लॉटधारकांना ही अट लागू नाही' असं कार्यक्रमातल्या त्या माणसाने सांगितलं होतं, आणि तसा नियमच नाही. अर्ज आपला आपण ऑनलाइन करता येतो, तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे. आमच्याकडच्या पत्रात तर परवाना प्लॉट नंबरशी जोडलेला होता. त्यावरूनच ते पत्र बनावट असल्याचं बाईंनी ओळखलं.

श्रीलंका, थायलंड, फिलिपिन्स, इंडोनेशिया, मालदीव, जिथे जिथे निळं पाणी दाखवतात तिथे जमिनीचे नियम परदेशी माणसासाठी कडकच आहेत. थायलंडमध्ये परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर सहसा जमीन घेता येत नाही, फिलिपिन्समध्ये राज्यघटनेनेच बंदी आहे. मग तिथे कुणातरी स्थानिकाच्या नावावर घेऊ असं सुचवतात. ते ऐकूच नका, कायद्याने ती जमीन त्या स्थानिकाची होते.

परत आल्यावर फोन बंद, संभाजीनगरच्या कार्यालयाला कुलूप. पोलिसांत तक्रार दिली, प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं, भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमाखाली फसवणुकीचा गुन्हा नोंद झाला. खाती गोठवली, पण त्यात फारसं काही उरलेलं नव्हतं. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, पण पैसे जाऊन महिने झाले होते. तुमचे पैसे आज किंवा काल गेले असतील तर हा क्रमांक आधी लावा. खात्यांतून रक्कम पुढे सरकण्याआधीच ती थांबवता येते.

साडू आता गंगाखेडला नदीवर येत नाहीत. पैशांपेक्षा लोकांच्या बोलण्याने त्यांना जास्त लागलंय. "म्हातारपणी समुद्रावर निघाले होते" असं त्यांच्या तोंडावर बोललं जातं. मला त्याचा राग येतो. चाळीस वर्षं पोरं शिकवलेल्या माणसाने पाण्याकाठी चार वर्षं काढावीत असं मनात आणलं, त्यात हसण्यासारखं काय आहे? अशा बोलण्यामुळेच बाकीचे लोक पुढे येत नाहीत. त्या हॉलमध्ये निदान साठ-सत्तर माणसं होती, आणि आमच्या तक्रारीत आजवर सातच नावं आहेत.

त्या कार्यक्रमात ज्यांनी अर्ज भरला त्यांनी कृपा करून पुढे या. चेकची झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट, बॉण्डवरचा करारनामा, परवान्याचं पत्र, व्हॉट्सअॅपवरचे संदेश, यातलं जे असेल ते घेऊन आपल्या जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत द्या. संदेश डिलीट करू नका, मोबाइल बदलला असेल तर जुना हँडसेट जपून ठेवा. रोख दिली असेल तरी सांगा, तेव्हा सोबत कोण होतं ते लिहून द्या. तक्रारदार वाढले तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा लावता येईल का, हे आमचे वकील तपासत आहेत. तो लागला तर आरोपींची मालमत्ता जप्त होऊ शकते. त्यासाठी नावं हवीत, आणि ती लवकर हवीत.