कामात पळतो, रिकामा बसला की हँग: असेंबल्ड पीसी, काही महिन्यांनंतर

एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर कसा आहे यावर भरपूर लिहून झालंय. सहा कोर, बारा थ्रेड, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. सोबत बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, आणि जुन्या सेकंड जनरेशन आय थ्रीच्या कॅबिनेटमधून काढलेला ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. एवढं सांगून पुढे जातो, कारण मला एकाच गोष्टीवर लिहायचंय: हा पीसी हँग कधी होतो.

काम करताना होत नाही. कधीच नाही. लग्नसराईत कोरलमध्ये चार-चार पत्रिका उघड्या, बाजूला श्रीलिपीतून प्रश्नपत्रिकेचं टायपिंग, मागे ब्राउझरचे पंचवीस टॅब, पठ्ठ्या पळतोय. पीडीएफ एक्सपोर्टला पूर्वी चहा व्हायचा, आता घोटही होत नाही. पण मी जेवायला उठलो की परत येईपर्यंत स्क्रीन जागच्या जागी. माउस हलत नाही, कीबोर्ड मेलेला, फॅन मात्र शांतपणे फिरतोय. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. टास्कबारवरचं घड्याळ २:१७ दाखवतंय आणि भिंतीवर तीन वाजायला आलेत. म्हणजे मी उठल्यावर थोड्याच वेळात गेला. मुलगी म्हणायची, ‘बाबा, तुमच्या पीसीला कुणीतरी स्टॅच्यू केलं.’

सुरुवातीला मी एएमडीला मनसोक्त शिव्या दिल्या. ‘इंटेलच घ्यायला हवा होता’ हे वाक्य घरात इतक्यांदा झालं की बायकोने मला ते वाक्य न बोलण्याची तंबी दिली. (ते मत पुढे बदललंय, वाचत राहा.)

दुकानदाराकडे गेलो. पार्ट त्याच्याकडूनच घेतले होते, लॅमिंग्टन रोडच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन, का तर गावात सर्व्हिस मिळेल म्हणून. त्याने पीसी दोन दिवस ठेवून घेतला, त्यावर टेस्ट चालवल्या आणि सांगितलं, ‘काका, एकदम ओके आहे. विंडोज परत टाकून बघू. साडेचारशे होतील.’ मी म्हटलं, आधी तुझ्याकडे हँग करून दाखव, मग साडेचारशे. तेव्हा गाडी एसएमपीएसवर आली. बोर्डावर आठ पिनांचं सॉकेट आणि माझा कनेक्टर चार पिनांचा, हे बघून त्याने अशी मान हलवली की जणू पेशंट हाताबाहेर गेलाय. ‘नवीन घ्या, ब्रॉन्झ रेटिंगवाला, साडेतीन हजार.’ पासष्ट वॅटच्या चिपला चार पिना पुरतात, मशीन चालू होतंय, लोडवर पळतंय, मग साडेतीन हजार कशाचे? पीसी उचलला आणि घरी आलो.

मग रात्रींचं जागरण. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं की लाल अक्षरात कर्नेल-पॉवर ४१. यावर लोक तासन्‌तास डोकं फोडतात, मीही फोडलं असतं, पण ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद झालं. ते तर मीच बटण पाच सेकंद दाबून केलं होतं. त्यात रोगाचं नाव नाही. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर लावला, चारही फेऱ्या विनाचूक. प्राइम९५ लावला, सीपीयू तापला, पण डगमगला नाही. रॅमचं एक्सएमपी (जास्त वेगाचं सेटिंग) बंद करून ३२०० वरून २६६६ वर आणली, फरक शून्य. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) अडखळतं, असं खूप जण सांगतात. तो घोळ खरा होता, एएमडीने २०२२ मध्ये मान्य केला आणि एजीसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ असलेल्या बायोसमध्ये दुरुस्तही केला. पण त्यात मशीन क्षणभर अडखळून पुढे जायचं. माझं मशीन अडखळत नव्हतं, थेट समाधी घेत होतं.

विंडोजचा संशय मिटवायचा म्हणून लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालू केलं आणि नुसतं सोडून दिलं. जेवून आलो तर तेही गेलेलं. म्हणजे ते साडेचारशे वाचले, हा पहिला आनंद.

दुसरा आनंद एका रात्री योगायोगाने मिळाला. आईसाठी यूट्यूबवर अभंगांची लांबलचक प्लेलिस्ट लावली होती, ती बंद करायची राहिली. सकाळी उठलो तर पीसी चालू, अभंग चालू, माउस हलतोय. मेमटेस्टची रात्र सोडली तर इतक्या दिवसांत रात्र काढलेली ही पहिलीच वेळ. तिथे डोक्यात प्रकाश पडला. दुकानदाराची टेस्ट, मेमटेस्ट, प्राइम९५, सगळे मशीनला राबवून बघतात. राबताना याला काहीच होत नाही. हा आडवा होतो तो काम नसताना, आणि काम नसतानाची टेस्ट कुणीच घेत नाही.

त्यामागचं कारण असं. आजचा प्रोसेसर रिकामा बसला की कोर एकेक करून झोपवतो. सी६ नावाच्या अवस्थेत कोरचा वीजपुरवठा जवळपास तोडलाच जातो आणि १२ व्होल्टच्या लाइनवरून ओढला जाणारा करंट अगदी नगण्य होतो. जुन्या एसएमपीएसना असल्या उपवासाची सवय नाही. त्यांच्यात ५ आणि १२ व्होल्ट एकाच सर्किटने सांभाळले जातात, एका बाजूचा भार नाहीसा झाला की दुसरीचा तोल जातो. हे काही एएमडीने आणलेलं संकट नाही. २०१३ मध्ये इंटेलची हॅसवेल पिढी आली तेव्हाही हाच गोंधळ झाला होता. १२ व्होल्टवर ०.०५ अँपिअर इतक्या कमी भारावर टिकेल का, याच्या याद्या एसएमपीएस कंपन्यांना जाहीर कराव्या लागल्या होत्या. माझा एसएमपीएस त्याआधीचा. म्हणजे ‘इंटेलच घ्यायला हवा होता’ हे वाक्य इथे रद्द. इंटेल घेतला असता तरी हेच झालं असतं, वर ग्राफिक्सही कमी मिळालं असतं.

उपाय बायोसमध्येच आहे आणि फुकट आहे. माझ्या बोर्डावर ॲडव्हान्स्ड, मग एएमडी सीबीएस, मग सीपीयू कॉमन ऑप्शन्स, आणि तिथे ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’. ते ऑटोवर असतं. ‘टिपिकल करंट आयडल’ करायचं, एफ१० दाबायचं, संपलं. प्रोसेसर मग तितक्या गाढ झोपेत जात नाही. त्या रात्री काहीही न लावता पीसी सोडून दिला, सकाळी जिवंत. दुसऱ्या रात्रीही. बायको म्हणाली, एवढंसं होतं तर इतके दिवस कशाला? काय सांगणार.

आता हिशोब, कारण याच्यावर मला ऐकवलं जाणार आहे. या सेटिंगमुळे रिकामं असताना मशीन थोडी जास्त वीज खातं. मित्राचा प्लगमध्ये लावायचा मीटर आणून बघितलं, पाचेक वॅटचा फरक. रोज दहा तास धरले तर महिन्याला दीड युनिट, म्हणजे दहा रुपये युनिट धरूनही पंधरा रुपये. नवीन एसएमपीएस साडेतीन हजार. भागाकार करा, एकोणीस वर्षांहून जास्त. तोपर्यंत हा पीसी भंगारात, एसएमपीएस संग्रहालयात आणि मी रिटायर. कपॅसिटर फुगलेत का हे मी जाळीतून टॉर्च मारून बघितलंय, सपाट आहेत. (एसएमपीएसचा डबा उघडू नका, आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या घरातला झटका देऊ शकतो.) फुगायला लागले की त्या दिवशी बदलीन. दुकानदाराच्या म्हणण्यावरून नाही.

रिव्ह्यू इथेच संपवणार होतो, पण पावसाळ्यात परत हँग सुरू झालं आणि मला वाटलं, आता ते साडेतीन हजार जाणार. तेवढ्यात कीबोर्डकडे लक्ष गेलं. कॅप्स लॉक दाबला की दिवा लागत होता. पहिल्या दुखण्यात तो दिवाही मेलेला असायचा. हे लक्षात ठेवा, फुकटातली सगळ्यात चांगली टेस्ट आहे: दिवा बदलत नसेल तर अख्खं मशीन गेलंय, बोर्ड-सीपीयू-रॅम-पॉवर बघा. दिवा बदलतोय, माउस हलतोय, फक्त फोल्डर उघडत नाही, तर नजर डिस्कवर. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वाचन-लेखन शून्य. अर्धा मिनिट असंच, मग दाबलेल्या सगळ्या क्लिक एकदम उघडायच्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या वेळी खरोखर कामाची नोंद होती: स्टोरएनव्हीएमई, १२९, रीसेट टू डिव्हाइस. एसएसडी हाकेला ओ देईना म्हणून विंडोज तिला हलवून उठवत होतं.

एसएसडी वॉरंटीत होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांच्या सर्व्हिस सेंटरचं मात्र लिहितो. बिल पाहिजे, खोका पाहिजे, आणि डेटा गेला तर आम्ही जबाबदार नाही. दोन सीझनच्या पत्रिकांच्या फाइली मी बॅकअप घेऊन पुसल्या, कुरिअरचे पैसे पदरचे घातले. काही आठवड्यांनी तीच एसएसडी परत, तोच सिरियल नंबर, वर चिकटपट्टी: ‘टेस्टेड ओके’. फोन केला तर तिकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, आमच्याकडे सलग आठ तास कॉपी करून बघितलं, एकदाही अडकली नाही.’ सलग आठ तास कॉपी! अडकेल कशी? ती अडकते विश्रांतीतून उठताना. मी हे समजावलं. तिने ‘ओके सर, नोट करते’ म्हणून फोन ठेवला.

शेवटी कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड सेटिंग, पीसीआय एक्स्प्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट (रिकाम्या वेळी एसएसडीची जोडणी झोपवणारी सोय), ऑफ. त्यानंतर १२९ ची एकही नोंद नाही. फर्मवेअर अपडेटही आलेलं दिसतंय, पण चालत्या गाडीला मी हात लावत नाही.

तर घ्यावा का? कॉम्बिनेशन म्हणून नक्की घ्या. टायपिंग, कोरल, मुलीचा अभ्यास आणि तिचं माइनक्राफ्ट, सगळं होतं. रॅम तेवढी भाव बघून घ्या, २०२५ च्या अखेरीपासून ते कडाडलेत, मी आधी घेतली म्हणून वाचलो. नवीन एसएमपीएस घेणार असाल तर आतून डीसी-टू-डीसी (५ व्होल्टला वेगळं सर्किट) आहे का ते विचारा, नुसता वॅटचा आकडा बघून उपयोग नाही. जुनाच वापरणार असाल तर वरचं बायोसमधलं सेटिंग विंडोज टाकायच्या आधीच करा. आणि बायोस अपडेट केलं किंवा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की ते गुपचूप ऑटोवर परत जातं. मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय, मेनूच्या नावासकट.