चावीचा टायमर, आठ महिने वापरून: लिहायला वेळ मिळतो का? (खरं सांगते)

आधीच सांगते, ही वस्तू मुळात स्वयंपाकघरातली आहे. गोल, तळहातात मावेल एवढी, वरची डायल फिरवली की आत स्प्रिंग ताणली जाते, मग टिकटिक करत ती शून्यावर येते आणि ट्रिंग. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, ॲप तर नाहीच. जास्तीत जास्त ६० मिनिटं लागतात. बास, एवढंच काम करते ती. मी मात्र ती एकदाही स्वयंपाकघरात वापरलेली नाही, आठ महिने ती माझ्या लिहायच्या वहीशेजारी पडलेली असते, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच हिशोबाने वाचा.

मी अकाउंट्समध्ये आहे, म्हणजे महिनाअखेर आली की माणसात नसते. घरी दोन मुलं. आणि मला कथा लिहायच्या असतात, हे लफडं कॉलेजपासूनचं आहे. वर्षानुवर्षं माझं एकच रडगाणं, वेळच नाही हो. मग एका सुट्टीच्या दिवशी नवरा मुलांना घेऊन बाहेर गेला आणि मला घर मिळालं, सहा तास, अख्खे, सलग. मी काय केलं? कपाट आवरलं. मग पेन शोधलं. मग ते पेन चालतंय का बघायला वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःची सही केली, चांगली अर्धं पान भरून. मग झोपले. संध्याकाळी ती मंडळी परत आली तेव्हा कथेची एक ओळ झाली नव्हती आणि मला इतका राग आला की सगळ्यांवर उगाच ओरडले. म्हणजे वेळ नव्हता हे खोटं होतं तर. निदान पूर्ण खरं नव्हतं.

त्याआधी नोव्हेंबरात ३० दिवसांत ५०,००० शब्द लिहायचं ते नॅनोरायमो चॅलेंज पण करून बघितलेलं, १९९९ साली सुरू झालेलं. हिशोब सोपा आहे, दिवसाला १,६६७ शब्द. पहिले तीन दिवस मी हवेत. चौथ्या दिवशी ऑफिसात उशीर झाला आणि ९०० चा खड्डा पडला, पाचव्या दिवशी तो भरायचा म्हणजे अडीच हजार, तेही झालं नाही, आणि नवव्या दिवशी मी तो हिशोब बघणंच सोडलं. दिवसभर लोकांच्या थकबाक्या बघायच्या आणि रात्री स्वतःची थकबाकी बघायची, कोण करेल? (पुढे २०२५ मध्ये ती संस्थाच बंद पडली. माझ्यामुळे नाही.)

तर टायमर. पहिल्या रात्रीचं नीट आठवतंय कारण मी जाम दमले होते. मुलं झोपलेली, सव्वादहा वाजलेले, पाय सुजल्यासारखे वाटत होते, आणि म्हटलं आता आणलाच आहे तर फिरवू. १५ वर लावला. टिकटिक चालू झाली आणि विचित्र गोष्ट झाली, मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. कारण हे १५ मिनिटांत संपणार होतं! कोणीतरी येऊन मला सोडवणार होतं. इतके दिवस मी लिहायला बसायचे ते "आता बसले की बघू किती होतंय" असं, आणि दमलेल्या माणसाला असं तळ नसलेलं काम दिलं की तो पळूनच जातो ना. सुरुवात करायला ताकद लागते ती शेवट दिसत नाही म्हणून. शेवट आधीच ठरलेला असला की मेलेलं अंग पण म्हणतं, चल, १५ मिनिटं काय, काढू. त्या रात्री सात ओळी झाल्या. त्यातल्या चार नंतर खोडल्या. पण सात झाल्या होत्या.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, फोनमध्ये टायमर असतो की फुकट, ही वेगळी वस्तू कशाला. अगदी बरोबर, मीही हेच म्हणायचे. फक्त फोनचा टायमर लावायला फोन हातात घ्यावा लागतो. आणि फोन हातात घेतला की शाळेच्या ग्रुपवर उद्या पांढरे मोजे घालायचेत की निळे यावर ४० मेसेज आलेले असतात, आणि तुम्ही ते वाचलेत की पुढची दहा मिनिटं तुमच्या नायिकेच्या पायात मोजे. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंचं २००९ चं काम आहे यावर, त्या म्हणतात एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला तरी लक्षाचा एक तुकडा मागच्या कामालाच चिकटून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे खराब होतं. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. तर ह्या टायमरचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो मूर्ख आहे. त्याला वेळ मोजण्याशिवाय काहीही येत नाही. फोन मी शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावते आणि दार लोटून घेते.

टायमर म्हटलं की पोमोडोरोचं नाव निघणारच. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना ही पद्धत काढली, त्याच्याकडचा टायमर टोमॅटोच्या आकाराचा होता आणि टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणतात, म्हणून ते नाव. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक, अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांचा मोठा ब्रेक. अभ्यासाला ही पद्धत मस्त असेल. घरात बसून कथा लिहिणाऱ्या बाईला तो पाच मिनिटांचा ब्रेक म्हणजे विहीर आहे. उठलात की गेलात. मी पहिल्या आठवड्यात प्रामाणिकपणे ब्रेक घेतले, एका ब्रेकमध्ये कपडे घडी करायला घेतले, एका ब्रेकमध्ये मुलाच्या दप्तरात तीन आठवड्यांपूर्वीची सूचना सापडली, त्यावर सही करायची राहिली होती, झालं, रात्र संपली. त्यामुळे माझ्याकडे ब्रेक बंद. एकच फेरी, १५ ची किंवा फार तर २५ ची, आणि मग वही मिटायची. चार फेऱ्या एका बैठकीत करायला माझ्याकडे बैठकच नसते.

१५ मिनिटं म्हणजे काय होणार असं वाटत असेल तर अँथनी ट्रोलप बघा. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार, पोस्टात नोकरी करायचा, आणि पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मी मोजून बघितलं, माझे पाव तासाला होतात ९० ते ११०, चांगल्या दिवशी १३०. त्यात त्या माणसाने त्याला पहाटे उठवायला एका नोकराला वर्षाचे जादा पैसे लावून दिले होते. आमच्याकडे पहाटे मीच सगळ्यांना उठवते आणि त्याचे कोणी काही देत नाही. पण तरी ९० तर ९०. आठवड्यात पाच रात्री धरल्या तर साडेचारशे, म्हणजे महिन्याला एका बारक्या कथेचा कच्चा खर्डा होतो. माझ्या आठ महिन्यांत तीन कथा पूर्ण झाल्या, आधीच्या चार वर्षांत मिळून एक झाली होती.

टायमरने मला न सांगता शिकवलेली एक गोष्ट आहे. बेल वाजली की मी थांबते, वाक्य अर्धं असलं तरी. सुरुवातीला फार जड गेलं, हात शिवशिवायचे, पण मग लक्षात आलं की वर ते लक्ष चिकटून राहायचं म्हटलं ना, ते उलटं वापरता येतं. कथाच अर्धवट सोडायची. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात बिलं तपासताना ते अर्धं वाक्य डोक्यात घुटमळत राहतं, आणि रात्री बसलं की पहिली दोन मिनिटं "आता काय लिहू" मध्ये जात नाहीत, तो अर्धा शब्द पूर्ण करायचा असतो फक्त. "म्हातारीने किल्ली काढून" एवढ्यावर एकदा बेल झाली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या किल्लीने मी चार दारं उघडून बघितली मनातल्या मनात. ऑफिसवाल्यांनी हा परिच्छेद वाचू नये.

आणि ताकदीचं म्हणाल तर नवीन लिहिणं हे सगळ्यात महाग काम आहे, ते मी बरी असते त्याच दिवशी करते. डोकं बंद झालेलं असेल त्या दिवशी टायमर १० वर लावून आधीचं टाइप करते नुसतं, किंवा शुद्धलेखन बघते, किंवा पात्रांची नावं ठरवते. महिनाअखेरीचा आठवडा पूर्ण टायपिंगचा. हे ठरवल्यापासून "आज पण काही झालं नाही" ही रात्रीची टोचणी बरीच कमी झालीय.

आता तक्रारी, आणि त्या आहेत. एक नंबर, आवाज. ही टिकटिक दिवसा ऐकूसुद्धा येत नाही आणि रात्री साडेदहाला भिंतीत कोणी खिळा ठोकतंय असं वाटतं. बेल तर विचारू नका, आवाज कमी करायची सोयच नाही कारण आत खरोखरची टोल मारणारी हातोडी आहे. दुसऱ्या रात्री धाकटा दचकून उठला, "आई काय झालं" म्हणत आला, त्याला परत झोपवायला चाळीस मिनिटं, म्हणजे १५ मिनिटं कमावून ४० घालवली. आता टायमर जुन्या लोकरी टोपीत घालून ठेवते, ट्रिंगचं ठक् होतं, तेवढं मला पुरतं. दुसरी गोष्ट, अचूकपणाची अपेक्षा ठेवू नका. फोनच्या घड्याळाशी ताडून बघितलं तर २५ लावल्यावर कधी साडेचोवीसला वाजतो कधी सव्वीस होऊन जातात. लिहायला काही फरक पडत नाही, पण ज्यांना पडतो त्यांना फार पडतो. आणि पाच-दहा मिनिटांसारखा कमी वेळ लावायचा असेल तर थेट तिथे फिरवायचा नाही, आधी वीसच्या पुढे नेऊन मग मागे आणायचा, नाहीतर स्प्रिंग पुरती ताणली जात नाही आणि शेवटी बेल वाजतच नाही. माझी एकदा अशी वाजली नाही आणि मी पाऊण तास लिहीत बसले, मस्त झालं ते पान, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी झोपेत एका व्हाउचरवर दोनदा शिक्का मारला. मागचा मॅग्नेट नावापुरता आहे. दोनदा पडलाय, आकड्यांची कड एका ठिकाणी उडालीय, ३५ आता ३ दिसतो.

मैत्रिणीकडे दुसरा प्रकार आहे, बॅटरीवरचा, लाल चकती असते आणि उरलेला वेळ जसा कमी होतो तशी ती लहान होत जाते, बिनआवाजी. लहान बाळ घरात असेल तर तोच घ्या. मला नाही जमला, मी लिहायचं सोडून त्या लालाकडेच बघत बसायचे. वाळूचं घड्याळ दिसायला सुंदर, पण संपलं हे कळायला मान वर करावी लागते, मग उपयोग काय.

कोणी घेऊ नये? ज्यांना लिहिण्यात शिरायलाच अर्धा तास लागतो त्यांनी. कविता करणारे एक ओळखीचे काका म्हणाले टिकटिकीच्या लयीत सगळं यमकात यायला लागलं, त्यांनी परत दिला. आणि ज्यांचा दिवस खरोखरच चोवीस तास दुसऱ्यांचा आहे, आजारी माणूस घरात आहे, दोन नोकऱ्या आहेत, त्यांना "१५ मिनिटं तर काढता येतात" असं सांगायला मी जाणार नाही. माझ्याकडे ती होती, मी कपाट आवरत होते, एवढाच फरक.

पाचपैकी साडेतीन. अर्धा बेलचा कापला, एक मॅग्नेट आणि प्लास्टिकचा. घ्यायचा झाला तर दुकानात हातात घेऊन घ्या, डायल ६० पर्यंत पूर्ण फिरवा, कुठे अडकते का बघा, मग कानाला लावून टिकटिक एकसारखी आहे का ऐका, मधेच लंगडत असेल तर तो नको. आणि पांढरा घेऊ नका, शाईच्या बोटांनी दोन महिन्यांत त्याची पार रया जाते.