मुलाच्या मानसिक उपचारांच्या नावाखाली पालक कुठे आणि कसे फसतात

रुळांवरचा अपघात डोळ्यांदेखत पाहिलेला मुलगा. शिकवणीच्या सरांनी किंवा नात्यातल्याच माणसाने अत्याचार केलेली मुलगी. घरातल्या माणसाने जीव दिला, तेव्हा सगळ्यांत आधी दार उघडणारे पोर. अशा घटनेनंतर मूल झोपत नाही, दचकून उठते, शाळेचे नाव काढले की पोट धरून बसते, एकदम अंगावर येते, कधी स्वतःला इजा करून घेते. घरचे काही आठवडे ‘वयच तसं आहे’ म्हणून काढतात. मग एका रात्री असे काही घडते की सकाळी आई मोबाइल घेऊन डॉक्टर शोधायला बसते. लुबाडणारे त्याच सकाळची वाट पाहत असतात. मुंबईत या कुटुंबांचे पैसे जवळजवळ ठरलेल्या पद्धतीने जातात, आणि पैशांपेक्षा जास्त नुकसान मुलाचे होते.

सुरुवात जाहिरातीतल्या नंबरपासून होते. फोनवर गोड बोलणारी व्यक्ती थेरपिस्ट नसते, विक्रीसाठी नेमलेली असते. ती घटना विचारते, मुलाचे वय विचारते आणि वडील काय करतात तेही विचारते. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर पॅकेजचा आकडा ठरतो. ‘आज एकच वेळ शिल्लक आहे, उशीर झाला तर मूल हाताबाहेर जाईल’ असे सांगून बुकिंगचे पैसे यूपीआयवर मागवले जातात.

फसवणुकीचा खरा गाभा पहिल्या बैठकीत आहे. मुलाला डोळे मिटायला सांगतात, मंद संगीत लावतात आणि ‘त्या दिवशी काय झालं ते सगळं बाहेर काढ’ म्हणतात. मूल थरथरते, हमसून रडते. मग आईवडिलांना आत बोलावून सांगतात, ‘बघा, किती साठलं होतं.’ इतके दिवस गप्प असलेले मूल बोलले, याचेच आईवडिलांना बरे वाटते, त्यांच्याही डोळ्यांत पाणी येते. नेमक्या त्या क्षणी ४० किंवा ५० बैठकांचे पॅकेज समोर ठेवले जाते. एकरकमी भरले तर सवलत, आणि पैसे परत मिळणार नाहीत ही अट बारीक अक्षरांत खाली.

हे उपचार नाहीत. आघातावरच्या उपचारांना क्रम असतो. आधी मूल आत्ता सुरक्षित आहे का ते पाहायचे. अत्याचार करणारा अजून घरात येतो का, मूल जिवाचे काही करून घेण्याचा विचार करते का, हे सरळ विचारायचे. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. नंतर झोप, श्वास, अंगातली भीती आवरण्याची साधने शिकवायची. दचकणे, आठवणी अंगावर येणे हे वेडाचे लक्षण नाही, हे मुलाला आणि पालकांना समजावायचे. मूल स्वतःला थोडे सावरू लागले की मगच प्रसंगाकडे वळायचे, तेही तुकड्यातुकड्याने आणि मुलाच्या गतीने. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे आघातासाठीच्या खास बोलण्याच्या उपचारपद्धतीत, हाच क्रम असतो आणि पालकांचाही त्यात वेळोवेळी सहभाग असतो. उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत मुलांसाठी साधारण ६ ते १२ बैठका सांगितल्या आहेत. अनेक आघात झालेल्या मुलाला जास्त लागतात. पण पहिल्याच दिवशी ५० बैठकांचे पैसे घेण्याला शास्त्रीय आधार नाही. तयारी नसताना मुलाला सगळे एकदम बोलायला लावले तर रात्रीची स्वप्ने वाढतात, मूल आणखी मिटून जाते आणि ‘मला कुठेच जायचं नाही’ म्हणते. पालकांना जी बैठक सगळ्यांत परिणामकारक वाटते तीच मुलासाठी सगळ्यांत वाईट असते, यावर हा सगळा धंदा चालतो.

चांगली पहिली भेट त्या मानाने रटाळ वाटते. आईवडिलांकडून जन्मापासूनची माहिती, शाळा, झोप, भूक, आधीची औषधे. मग मुलाशी एकट्याने थोडे बोलणे, त्यात क्रिकेट किंवा मोबाइलवरचा गेमही येतो. घटनेचा तपशील फारसा निघत नाही. शेवटी पुढच्या तीन-चार भेटींत काय करणार ते सांगतात आणि त्या दिवसाचे पैसे घेतात. मुलाने सांगितलेले शब्द न् शब्द पालकांना सांगणारा थेरपिस्ट नको. पालकांना कधीच भेटत नाही असाही नको.

पॅकेजबरोबर तपासण्या विकल्या जातात. ‘ब्रेन मॅपिंग’चा रंगीबेरंगी अहवाल पाहून पालकांना मेंदूतली जखमच दिसल्यासारखे वाटते. पण आघातोत्तर ताणविकाराचे (पीटीएसडीचे) निदान कोणत्याही स्कॅनवरून होत नाही. ते मुलाखतीवरून आणि प्रमाणित प्रश्नावल्यांवरून होते, आणि त्यासाठी लक्षणे महिन्याहून जास्त टिकलेली असावी लागतात. डॉक्टर थायरॉइड किंवा हिमोग्लोबिन तपासायला सांगतात ते वेगळे, त्याला कारण असते. बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगणाऱ्या डीएमआयटी चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही जाहीर केले आहे. गेल्या जन्मात नेऊन भीती काढण्याचे दावे त्याच रांगेतले.

पावती बघा. डॉक्टरांच्या आणि रुग्णालयाच्या उपचारांवर जीएसटी नसतो. पावतीवर ‘वेलनेस प्रोग्रॅम’ किंवा ‘लाइफ कोचिंग’ लिहून १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर त्या संस्थेने कागदोपत्री उपचार विकलेलेच नाहीत. उद्या तक्रार केली की ती हेच म्हणणार. पावतीच नसेल तर विषयच संपला.

आता माणूस कसा तपासायचा ते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. त्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर असायलाच हवा, २००२ च्या आचारसंहितेत तसा नियम आहे. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधा आणि मानसोपचारातली पदवी तिथे नोंदलेली आहे का पाहा. ‘एमडी’ पर्यायी वैद्यकातलीही असते आणि पाटीवर ती तेवढीच मोठी दिसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिला सीआरआर क्रमांक म्हणतात. इथे बरेच जण चकतात. विशेष शिक्षक आणि ऑडिओलॉजिस्ट यांचीही नोंद त्याच परिषदेकडे होते, त्यामुळे नुसता क्रमांक पुरत नाही. त्यापुढचा प्रवर्ग ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ आहे आणि नोंदणीची मुदत चालू आहे, हे दोन्ही बघावे लागते.

समुपदेशक हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लावतो. मानसशास्त्रात एमए करून नीट प्रशिक्षण घेतलेले, मनापासून काम करणारे समुपदेशक मुंबईत पुष्कळ आहेत आणि आघातावर ते चांगले काम करतात. त्यांना दोन प्रश्न विचारा: आघातग्रस्त मुलांबरोबर काम करण्याचे प्रशिक्षण कुठे घेतले, आणि तुमच्या कामावर देखरेख कोण करते? प्रामाणिक माणूस नाव सांगतो. सहा आठवड्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र असलेला चिडतो.

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. पाटीवर मोठ्या डॉक्टरांचे नाव असते, ते महिन्यातून एकदा येतात आणि मुलासमोर रोज वेगळी शिकाऊ व्यक्ती बसते. आघात झालेल्या मुलाला माणूस बदललेला अजिबात सोसत नाही. मुलासमोर जी व्यक्ती बसते तिचेच नाव प्रत्येक पावतीवर मागा.

औषधांच्या बाबतीत: डॉक्टर नसलेल्या सायकॉलॉजिस्टला किंवा समुपदेशकाला गोळ्या लिहून देण्याचा अधिकार नाही. ‘झोपेची हलकी गोळी’ म्हणून हातात सुटी पाकिटे दिली जातात, ती घेऊ नका. ‘नाइस’च्या त्याच मार्गदर्शिकेनुसार १८ वर्षांखालील मुलांत केवळ आघातोत्तर ताणविकारासाठी औषध देऊ नये. सोबत तीव्र नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, तेव्हा पहिले काही आठवडे मुलावर बारीक लक्ष ठेवावे लागते, कारण या वयात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. चालू असलेली गोळी मनाने एकदम बंद करू नका.

सगळ्यांत जास्त काळजी निवासी केंद्रांची. ‘तीन महिने आमच्याकडे ठेवा, भेटायला येऊ नका, मूल सुधारून देतो’ असे कोणी म्हटले तर तिथेच थांबा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ८७ नुसार अल्पवयीन मुलाला दाखल करण्याआधी एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टराने त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते. पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचे असते, आणि मुलीच्या बाबतीत पालक पुरुष असेल तर सोबत स्त्री असावी लागते. अशा भरतीची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते. म्हणजे ‘भेटायला येऊ नका’ हे वाक्यच बेकायदा आहे. केंद्राची या कायद्याखालची नोंदणी मागा. व्यसनमुक्ती केंद्रात आघातग्रस्त मुलाला ‘शिस्तीसाठी’ ठेवणे याला आम्ही क्रूरपणा म्हणतो.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर लुबाडण्याचा वेगळा मार्ग उघडतो: ‘पोलिसांपर्यंत जाऊ देणार नाही, कागदावर काही येणार नाही, त्याचे पैसे वेगळे होतील.’ पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला असा अत्याचार कळतो त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, थेरपिस्टलाही ते चुकत नाही. लपवण्याचे पैसे घेणारा तोच माणूस पुढे बैठकीच्या रेकॉर्डिंगचा धाक दाखवतो. पोलिसांची जी भीती घातली जाते, तिच्याबाबत कायद्यात सोय आहे. मुलाचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेता येतो, पोलिसांनी गणवेशात येऊ नये, मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. अशा मुलाला सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीचे उपचार मोफत द्यायचे आहेत. राज्याच्या मनोधैर्य योजनेत अर्थसाहाय्य आणि समुपदेशन मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते. मुलाने आत्महत्येचा प्रयत्न केला तरी केस होईल म्हणून रुग्णालय टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ त्याला तीव्र ताणाखाली होता असेच मानते.

मग जायचे कुठे? परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर ही महापालिकेची, भायखळ्याचे जे. जे. राज्य सरकारचे. इथे मानसोपचार विभाग आहेत आणि केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. गर्दी असते, निवासी डॉक्टर बदलतात, हे खरे आहे, आणि खासगी लुबाडणारे याच गर्दीचा धाक दाखवतात. सकाळी लवकर जा, लहान मुलांच्या मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारा, पुढच्या वेळी त्याच डॉक्टरांचा वार मागा, आणि विभागातल्या सोशल वर्करला आवर्जून भेटा. मराठीत मन मोकळे करता येणे हा इथला मोठा फायदा आहे. निदान आणि औषध तिथून, दर आठवड्याची बैठक बाहेरच्या तपासून घेतलेल्या थेरपिस्टकडे, अशी जोडणी पुष्कळांना परवडते. रात्री-अपरात्री केंद्र सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीत चालतो. मूल धोक्यात असेल तर १०९८ (चाइल्डलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत). देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर समुपदेशन करते.

पैसे गेलेच असतील तर आधी लेखी मागणी करा: झालेल्या बैठकांच्या नोंदी, प्रत्येक बैठक कोणी घेतली त्याचे नाव, उरलेल्या रकमेचा परतावा. डॉक्टर असेल तर मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. जाहिरातीचे आणि संदेशांचे स्क्रीनशॉट लगेच काढा, ती पाने पुढे गायब होतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पैसे घेऊन समोरचा गायबच झाला असेल किंवा रेकॉर्डिंगची धमकी देत असेल तर त्याच दिवशी १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर फोन करा. धमकीला घाबरून एक रुपयाही देऊ नका, दिला की मागणी वाढते.

यानंतर मूल दुसऱ्या कोणाकडे जायला तयार नसते, आणि त्याचे बरोबरच असते. त्याला सांगा की तिथे झाले ते चुकीचे होते, आणि आता जिथे जाऊ तिथे तो प्रसंग सांगावाच लागेल असे नाही. आधी आईवडिलांनीच एकदा भेटून यावे. काय घडले, आधीच्या ठिकाणी काय केले गेले, हे एका कागदावर लिहून न्यावे, म्हणजे मुलाला पुन्हा बोलावे लागत नाही. पहिल्या भेटीत मूल एक शब्दही बोलले नाही तरी चालते. जाणता थेरपिस्ट तेवढ्यावरच पुढच्या आठवड्याची वेळ देतो.